कारणाच्या रकान्यात दत्तूचं नाव

सुचिता, गेल्या सोमवारी तुझ्यावर मीटिंग झाली. ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "माझ्यावर मीटिंग? मी काय पंचायतीचो रस्तो गो, बाय?" आणि ओढणी तोंडाला लावून हसत सुटली असतीस. जिवंत असताना तुझं म्हणणं ऐकायला आमच्या खात्यात कोणाकडे दोन मिनिटं नव्हती. सोमवारी आठ माणसं तुझ्यासाठी दीड तास बसली. चहा आला, बिस्किटं आली. एसीचा गारठा लागतो म्हणून शिपायाला हाक मारून तो कमी करायला लावला. मग तुझा कागद निघाला. वय चोवीस, पहिली खेप, बाळ जिवंत, आई मयत. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या गोव्यातल्या पार्सेच्या घरात पोदेराची, पाववाल्याची, वाट बघत दारात उभी राहणारी तू, त्या कागदावर चार शब्दांत संपलीस.

मी तिथे दोन नात्यांनी बसले होते. मयताची नणंद म्हणून, आणि जिथे तुझं गरोदरपण तपासलं त्या आरोग्य केंद्राची नर्स म्हणूनही. एकाच खुर्चीत. दत्तूला बाहेर बाकावर बसवलं होतं. नवऱ्याचा जबाब आधी झालाय, आता गरज नाही, असं म्हणाले. दार उघडं राहिलं की त्याच्या चपला दिसत होत्या.

फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो, हा मृत्यू कशामुळे टळला असता त्याचा. साहेबांनी तुझं माता-बाल कार्ड दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. "हे बघा. नवऱ्याने कार्ड लॅमिनेट करून ठेवलंय. नर्सने नोंद करायची कुठे? पुढच्या हॉस्पिटलला कळणार कसं?" दोघं-तिघं 'च्च च्च' करत माना हलवायला लागले. एक बाई म्हणाल्या, "लोकांना कितीही सांगा." आणि साहेब लिहिणाऱ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. कुटुंबाचा निष्काळजीपणा."

निष्काळजीपणा! दत्तूचा! मला त्या टेबलावरचे चहाचे कप उचलून भिंतीवर मारावेसे वाटले.

तुला आठवतं ना तो शुक्रवार? म्हापशाच्या बाजाराचा दिवस. तुला काकणं, ती बांगडीसारखी कडक पावं, खायचे डोहाळे लागलेले, कोऱ्या चहात बुडवून. ती आणायला गेलेला दत्तू संध्याकाळी आला तो काकणांच्या पिशवीसोबत हे चकचकीत कार्ड घेऊन. छाती फुगवून म्हणाला, "बाय, तिचां कार्ड मी लॅमिनेट करून हाडलंय. आता पाणी पडांदे, काय पडांदे." डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवणारा माणूस तो. त्याला जगात कशाची भीती असेल तर फाटक्या कागदाची. आरसी भिजली, परमिटचा कोपरा तुटला की नाक्यावर गाडी बाजूला घ्यावी लागते आणि अर्धा दिवस कोणाच्या तरी पाया पडावं लागतं. म्हणून त्याची लायसन्स, त्याचा विमा, घराचं रेशन कार्ड, आईच्या पेन्शनचा कागद, सगळं प्लास्टिकात. जे जपायचं ते प्लास्टिकात घालायचं, एवढंच त्याला माहीत. तुझं कार्ड त्याने जपलं, आणि त्याच्या अकलेप्रमाणे जपलं.

मी कपाळावर हात मारला. "गाढवा, आता मी लिवू खय?" त्याचा चेहरा एवढासा झाला. तू लगेच त्याच्या बाजूने उठलीस. "आता माका पण लॅमिनेट कर रे, म्हणजे प्रवासात खराब जावचंय नाय." आई हसली, मी हसले, दत्तूही हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि आता त्याचा राग येतो.

हसून झाल्यावर मी काय करायला हवं होतं? दुसऱ्या दिवशी केंद्रातून नवं कार्ड काढायचं आणि जुनं उतरवून घ्यायचं. पाच मिनिटांचं काम. पण नवी कार्डं संपली होती. मागणी वर पाठवून महिने झाले होते. साध्या कागदावर लिहून ते कार्डाला पिनने टाचता आलं असतं. ते मी केलं नाही, कारण घरचीच बाई, रोज डोळ्यांसमोर असते, लिहायची कसली घाई? दुसऱ्याच्या बाईला मी असं कधी वागवलं नसतं. घरच्या बाईला वागवलं.

सुचिता, तुला आणि मला माहीत आहे की कार्ड ही काही खरी गोष्ट नव्हे. खरी गोष्ट तू मला तोंडावर सांगितली होतीस.

तुझ्या चौथ्या महिन्यात मी एकदा डबा विसरले होते. तू तो घेऊन बसने केंद्रावर आलीस. मी आत लेबर रूममध्ये होते. एक कामगार बाई होती, खाणीच्या बाजूच्या वस्तीतली, तिसरी खेप. सकाळपासून मी एकटी. दुसरी नर्स रजेवर, तिच्या जागी कोणी नाही. डॉक्टरांकडे दोन केंद्रांचा चार्ज, ते त्या दिवशी दुसरीकडे. ती बाई ओरडत होती, आणि मी तिला म्हणाले, "मजा मारताना गोड लागलं ना? मग आता कशाला बोंबलतेस?" असं आमच्यात सगळ्याच म्हणतात. मला माझ्या पहिल्या सिस्टरने शिकवलं, तिला तिच्या सिस्टरने. बाईला धाक असला की ती जोर लावते, असं आम्ही एकमेकींना समजावतो. तिच्या मांडीवर मी एक चापटही मारली. बाळ व्यवस्थित झालं. बाहेर आले तर डबा बाकावर होता आणि तू नव्हतीस. मला वाटलं, परतीची बस चुकेल म्हणून गेलीस.

त्यावर तू तीन महिने काही बोलली नाहीस. उलट माझी थट्टा करायचीस. मी रात्रीच युनिफॉर्म इस्त्री करून ठेवायची, तर म्हणायचीस, "कपड्याक इस्त्री मारतंस तशी जिभेक पण मार गो, बाय." तू घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात मला 'वन्सं' म्हणायचीस. मीच म्हटलं, वन्सं-बिन्सं नको, दत्तू म्हणतो तसं बाय म्हण. अडतिसाव्या वर्षी घरात मला चिडवणारं माणूस मिळालं होतं. ड्युटीवरून येताना मी पावलं उचलून चालायला लागले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. नणंदेने असलं काही सांगायचं नसतं ना.

मग तो मंगळवार. तपासणीचा वार. तुझा सातवा सरत आलेला आणि आईची घाई सुरू झालेली, की आठवा लागायच्या आत पोर माहेरी पोचली पाहिजे. आठव्यात वेस ओलांडायची नसते. बुधवारी ओटी, गुरुवारी निघायचं, सगळं ठरलेलं. मी तुझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. एकशे शेहेचाळीस, चौऱ्याण्णव. पुन्हा बांधला. तेच. पायांवर बोट दाबलं तर खळगा राहिला. डॉक्टर पुन्हा दुसऱ्या केंद्रावर. मी रजिस्टरमध्ये लिहिलं. लघवी तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. तुझं कार्ड समोर प्लास्टिकात चमकत होतं, त्यावर मागच्या महिन्याची शेवटची नोंद, एकशे दहा, सत्तर. फ्रिजमधल्या लसींच्या डब्यांवर आम्ही तारीख घालतो त्या मार्करने मी प्लास्टिकवरच नवा आकडा लिहिला. तुला बजावलं, ह्याला हात लावू नको. तुझ्या आईच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली सांडली आणि तो पुसून गेला, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर मी म्हणाले, आता माहेर-बिहेर काही नाही. बीपी वाढलाय, इथेच राहायचं, माझ्या केंद्रावर तपासायचं, लागलं तर मीच मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जाईन. आई म्हणाली, ओटीचं सामान आणलंय, निघाल्या पोरीला अडवू नको. मी आईवर ओरडले. तेव्हा तू शांतपणे बोललीस. तुझे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत.

"बाय, माका तुझ्या केंद्रार नको. थय बायकांका ओरडतत. मी आयकलंय. तुझोच आवाज होतो तो. माहेराक माझी आवस माका ओरडणा नाय."

मी काय म्हणायला हवं होतं? मी चुकले म्हणायला हवं होतं. तुझ्यावर ओरडणार नाही म्हणायला हवं होतं. नाहीतर निदान, ओरडेन, पण तुला मरू देणार नाही, एवढं तरी. मी म्हणाले, "जा मग. आणि काय झाला तर माका फोन करू नको."

गुरुवारी सकाळी तू निघालीस तेव्हा मी मागच्या दारी कपडे धूत बसले होते. धुवायला काही नव्हतं. धुतलेले पुन्हा धूत होते.

आता माझा राग ऐक, कारण मी काही एकटीच गुन्हेगार नाही, आणि त्या लोकांना मी मोकळं सोडणार नाही. सिंधुदुर्गातल्या तुझ्या माहेरी दोनदा तपासणी झाली. तो कागद मी नंतर पाहिला. एकशे दहा, सत्तर. पुढच्या वेळी एकशे बारा, सत्तर. मी बघताक्षणी ओळखलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. बाहेर बायकांची रांग लागलेली असते, बीपीच्या मशीनचा पट्टा फाटलेला असतो, दुरुस्तीला पाठवलेलं मशीन परत येत नाही, आणि प्रत्येक रकाना तर भरायचा असतो. मग आम्ही मागची नोंद बघून तीच पुढे उतरवतो. खोटं वाटू नये म्हणून एखादा आकडा इकडचा तिकडे. तुझ्या प्लास्टिकवरचा जुना आकडा असा दोनदा पुढे उतरला. तुझ्या दंडाला कोणी पट्टा बांधलाच नाही, सुचिता. तू कोणाला विचारलंही नाहीस, कारण आमच्याकडे विचारणाऱ्या बाईला काय ऐकावं लागतं ते तू माझ्याच तोंडून ऐकलं होतंस.

शेवटच्या दोन दिवसांत तुझं डोकं फुटत होतं. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. तुझी आई मला दहाव्याला म्हणाली, "मी तिका म्हटलंय, बायक फोन कर. तर म्हणाली, नको, बाय रागावतली." हे सांगताना त्यांनी माझा हात धरला होता. त्यांना माहीतच नव्हतं की त्या मला काय सांगताहेत.

भर दुपारी तुला तिकडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पोटाच्या वर, बरगड्यांच्या खाली दुखतंय असं तू सांगत होतीस. हे दुखणं म्हणजे धोक्याची घंटा, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही येतं. तिथल्या सिस्टरने सांगितलं, पित्त झालंय, पहिलटकरणींची नाटकंच जास्त. तुझ्या आईला बाहेर काढलं. आईच तुझं बळ, तिच्यासाठी तू वेस ओलांडून गेलीस, आणि पहिल्यांदा बाहेर काढली ती तिलाच. तासाभराने तुला झटका आला. तेव्हा पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या जवळ होता.

झटक्यावर इंजेक्शन असतं. महागडं नाही, दुर्मिळ नाही, प्रत्येक लेबर रूमच्या ट्रेमध्ये ठेवायचं असतं. पहिला डोस नर्सने द्यायचा, डॉक्टरची वाट बघायची नाही, हे ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून घोकून घेतात. तिथे ट्रेमध्ये ते होतं. दिलं नाही. डॉक्टरांच्या सहीशिवाय दिलं आणि काही झालं तर मी अडकेन, असं ती सिस्टर तुझ्या भावाला म्हणाली. मला तिचा गळा धरावासा वाटतो, आणि तिची भीतीही कळते. आम्हाला इंजेक्शन द्यायला शिकवतात आणि दिल्यावर आमच्या मागे कोण उभं राहील ते सांगत नाहीत. डॉक्टरची जागा तिथे रिकामी आहे म्हणे. रिकामी जागा! खुर्ची रिकामी राहिली तर कोणाचा जीव जात नाही. तिथे रिकाम्या जागेने तुझा जीव घेतला, आणि त्या जागेला कोणी मेमो काढत नाही.

मग अॅम्ब्युलन्समधून तुला गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. चिठ्ठीवर फक्त 'झटके' असा शब्द, पुढे काही नाही. फोन करून कळवलंही नाही. ड्रायव्हर वाट विचारत आला. काउंटरवर तुझं आधार बघितलं तर माहेरचं नाव, माहेरचा पत्ता. "हांगाचें, गोंयचें, रेसिडेन्स सर्टिफिकेट आसा?" लग्न होऊन तू पेडण्याची, गोव्याची झालीस, पण कागदाने तुला अजून नदीपलीकडे सिंधुदुर्गातच ठेवलं होतं. दत्तू डिचोलीहून टिपर तसाच रस्त्याला लावून धावत आला आणि तुझ्या आईच्या पिशवीतलं ते प्लास्टिकातलं कार्ड काउंटरवर आपटून ओरडला, "ही माझी बायल, पार्सेची!" त्या कार्डाचा त्या दिवसातला तेवढाच उपयोग झाला.

आतल्या डॉक्टर पोरींनी जीव तोडून काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. मी पोचले तेव्हा त्यातली एक बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. बाळ काढलंय, मुलगी आहे, पण डोक्यात रक्तस्राव झालाय, असं म्हणाली, आणि मला नर्स म्हणून समजेल असं सगळं नीट सांगितलं. त्या सगळ्या वाटेवर एकट्या तिने माणसासारखं सांगितलं. तू दोन दिवस मशीनवर होतीस. मी तुझ्याजवळ बसले. तुझ्या पायांना सूज होती. मी मंगळवारी जिथे बोट दाबलं होतं तिथेच हात ठेवला आणि तोंडातून शब्द फुटेना. बाकीच्या बायकांवर ओरडताना माझी जीभ कशी सुरीसारखी चालते, ते तूच ऐकलं होतंस.

तर सोमवारची मीटिंग. साहेब 'निष्काळजीपणा' म्हणाले आणि मी उठून उभी राहिले. मी सगळं बोलले. उतरवलेले आकडे, ट्रेमधलं इंजेक्शन, रिकामी जागा, फोन न करता पाठवणं, काउंटर, सगळं. माझा आवाज चढला होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भावना समजतात. पण ते दुसऱ्या राज्याचं आहे, आपल्या हद्दीत येत नाही. आपल्या हद्दीत कार्डच येतं." लिहिणाऱ्याने माझं एक वाक्यही लिहून घेतलं नाही. पेन टेबलावर ठेवून तो बिस्किट खात होता.

आणि मी एक गोष्ट बोलले नाही. मंगळवारचा आकडा. तो आपल्या हद्दीत होता, आमच्या रजिस्टरमध्ये, माझ्या अक्षरात. रजिस्टर कोणी मागवलंच नव्हतं, आणि कार्डावर तो आता नव्हता. मी सगळ्यांवर ओरडले आणि स्वतःपुरती गप्प बसले. ओरडता येतं म्हणून माझ्यात हिंमत आहे असं लोकांना वाटतं. त्या दिवशी मला कळलं की माझं निम्मं ओरडणं लपण्यासाठी असतं. कागद माझ्यापुढे आला. कारणाच्या रकान्यात 'पती', त्यापुढे दत्तूचं पूर्ण नाव, आणि 'निष्काळजीपणा'. मी खाली सही केली.

बाहेर आल्यावर दत्तूने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, चल घरी.

घरी त्याचं काय चाललं होतं ते तुला सांगू की नको, असं होतं. तू गेल्यापासून तो टिपरवर चढलेला नव्हता. ओसरीवर ब्लेड घेऊन बसायचा आणि घरातले सगळे कागद प्लास्टिकातून सोलायचा. ते सुटत नाही. रेशन कार्ड फाटलं, आईच्या पेन्शनचा कागद फाटला, लायसन्सवरचा त्याचा फोटो निघून आला. आई रडायची, तो ऐकायचा नाही. जेवायचा नाही. मुलीला मांडीवर घ्यायला सांगितलं तर म्हणायचा, माझ्या हातान काय बरां होवचां नाय.

मीटिंगहून आलेल्या संध्याकाळी मी मुलीला बाटलीने दूध पाजत होते. तिची हनुवटी तुझी आहे, हट्टी. दत्तू उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "बाय, खरां सांग. माझ्यामुळे गेली मगो ती?"

एवढंच, सुचिता. मला फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं होतं. 'नाही रे, नशीब' म्हटलं असतं तर त्याने ते मानलं नसतं. तो आयुष्यभर ते कार्ड छातीवर घेऊन जगला असता आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याला भाकरी वाढत, त्याची समजूत घालत, चांगली बहीण म्हणून म्हातारी झाले असते. मला ते जमलं असतं. तेच मला भयंकर वाटलं.

मी म्हणाले, "नाय रे. तिचो बीपी वाढललो. मी मोजलेलो. माका म्हायत होता." आणि मग सगळं सांगितलं. तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले. फोन करू नको म्हणाले ते. तिकडच्या नर्सला एक फोन मी करू शकत होते, पंधरवडाभर रोज करू शकत होते, आणि रागाच्या भरात केला नाही, ते. त्या बाईला मी लेबर रूममध्ये काय म्हणाले, तेसुद्धा सांगितलं.

माझं संपलं तेव्हा तो उठला, माझ्या मांडीवरून मुलीला उचललं आणि आत गेला. सव्वा महिन्यात पहिल्यांदा त्याने तिला स्वतःहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स लावून मी लेखी दिलं, की आकडा मला माहीत होता, मी पुढे कळवलं नाही, कार्डाचं कारण पुढे करू नये. मेमो येईल. येऊ दे. साहेब फोनवर म्हणाले, "कशाला उगाच आगीत हात घालता, फाइल बंद झालीय." मी म्हटलं, उघडा.

दत्तू माझ्याशी बोलत नाही. आठवडा झाला. आई म्हणते, तू मोठी, तू माफी माग. मी मागणार नाही. मागितली तर तो देईल, तो तसाच आहे, आणि देऊन पुन्हा सगळं स्वतःवर घेईल. त्यापेक्षा त्याने माझा राग करावा. इतके दिवस तो चुकीच्या माणसाचा करत होता. परवापासून तो जेवतो. माझ्याकडे न बघता, पण दोन भाकऱ्या.

काल सकाळी तो पहिल्यांदा कामावर निघाला. डिचोलीची बस येत होती. मुलगी त्याच्या खांद्यावर होती. मी नेहमीसारखी पुढे झाले, तर त्याने मला वळसा घातला, तिला आईच्या हातात दिलं आणि निघून गेला. मी दोन्ही हात पुढे करून तशीच उभी होते, सुचिता.